सापळा फक्त नरांसाठी

एलियो मांदुचीने टोमॅटोच्या वाफ्यावर पहिला सापळा टांगला, तेव्हा माश्यांखेरीज कुणाचेही वाईट करण्याचा त्याचा हेतू नव्हता. पुढे बँक्सिया स्ट्रीट आणि आजूबाजूच्या वीस-पंचवीस रस्त्यांवरच्या माणसांना आपल्याच अंगणातले फळ आपल्याच फाटकाबाहेर नेण्याची बंदी झाली, बेकरीत लोक त्याला पाहून आपापसांत कुजबुजू लागले, आणि शेजारच्या लेन ट्रेगेन्झाने बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाहून हात हलवणे बंद केले. हे सारे त्या मूळ हेतूच्या मानाने फारच मोठे होते. एलियोला स्वतःला कधीच काही मोठे करायचे नव्हते. त्याला फक्त एक टोमॅटो पिकवायचा होता.

तो टोमॅटो वडिलांसाठी होता. ऑगस्टात, लिंबाची छाटणी करताना, सावेरियो मांदुची शिडीवरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, पण पाय पूर्वीसारखा चालेना, साखरेने डोळेही अधू केलेले, म्हणून त्यांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या वृद्धाश्रमात हलवावे लागले. घरातून निघताना त्यांनी ना भिंतींकडे पाहिले, ना बायकोच्या तसबिरीकडे. खुर्ची मागच्या अंगणात नेऊन उभी करायला लावली, रिकाम्या वाफ्यांकडे बराच वेळ तोंड करून बसले, आणि मुलाला म्हणाले,

"बी फडताळातल्या डब्यात आहे. लाव तू. मारून टाकशील म्हणा."

"नाही मारणार, पापा."

"पहिला पिकला की घेऊन ये. कच्चा. मीठ माझ्याकडे असेल."

एलियो अडतीस वर्षांचा होता. नगरपालिकेत नागरिकांना पाठवायच्या सूचना लिहिण्याचे काम करी. कचऱ्याच्या हिरव्या डब्यात काय टाकू नये, कुत्र्याला किती लांब दोरी असावी, असल्या विषयांवर त्याची वाक्ये जवळजवळ निर्दोष असत. तरीही त्याने केलेल्या कुठल्याही गोष्टीला वडील कधी 'छान' म्हणाले नव्हते. ते दुष्ट होते असे नाही. तो शब्द त्यांनी टोमॅटोसाठी राखून ठेवला होता. दर उन्हाळ्यात ते पहिले फळ तोडत, मीठ लावत, खात, आणि कधी 'छान' म्हणत, कधी म्हणत नसत. एलियोने मनाशी ठरवले होते की यंदा तो शब्द आपल्या हातून पिकलेल्या फळाला मिळवायचा. शब्द फळाला मिळाला तरी आपण त्याच्या बाजूलाच उभे असू. थोडाफार आपल्यावरही सांडेल.

चोवीस रोपे लागली, वाढली, काठ्यांना बांधली गेली. डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, पहिली हिरवी फळे धरली, आणि त्याच आठवड्यात एलियोला एका फळावर एक माशी बसलेली दिसली. ती बहुधा साधीच घरमाशी होती. पण दोन उपनगरांपलीकडे फळमाशी सापडल्याची बातमी त्याने वाचली होती, आणि ज्या माणसाच्या आयुष्यात काळजी करण्याजोगे फारसे काही घडत नाही त्याच्यापाशी काळजीचा साठा बराच शिल्लक असतो.

त्याने कुंपणापाशी जाऊन शेजारच्या स्तामातियामावशींना विचारले. मावशींचे वय एक्याऐंशी. काळे कपडे, पायांत नवऱ्याचे बूट. त्यांच्या टोमॅटोच्या वाफ्यावर पांढरी जाळी अंथरलेली होती.

"झाकून टाक," मावशी म्हणाल्या. "एवढंच. माशी फळापर्यंत पोचलीच नाही तर करील काय? रडेल."

"जाळी कुठली घेतलीत?"

"आमच्या सोफियाच्या लग्नात हॉलला लावली होती ती. लग्न तीन वर्षं टिकलं. जाळीला अजून काही झालेलं नाही."

सल्ला इतका सोपा होता की एलियोचा त्याच्यावर विश्वास बसेना. शिवाय त्याच्या घरात लग्नातली जाळी असण्याचा संभव नव्हता, आणि ही गोष्ट कुंपणावरून मोठ्याने बोलण्याची त्याची तयारी नव्हती.

दुसरीकडचा शेजारी लेन ट्रेगेन्झा हा रेल्वेतून निवृत्त झालेला आणि स्वतःच्या ज्ञानाचे ओझे एकट्याने वाहू न शकणारा गृहस्थ होता.

"जाळीबिळी बायकांचं काम," लेन म्हणाला. "माशी मारायची तर तिला आधी जेवायला बोलवायला लागतं. दुधाची रिकामी बाटली घे. त्यात साखर, व्हॅनिला, पावाला लावतो ना आपण तो काळा खारट लेप एक चमचा, आणि थोडा अमोनिया. अमोनिया नसेल तर, म्हणजे, तुझं स्वतःचं चालेल."

"माझं स्वतःचं काय?"

लेनने त्याच्या विजारीकडे पाहिले. मग एलियोच्या लक्षात आले, आणि तो अमोनिया विकत आणायला गेला.

सहा बाटल्या टांगल्या. तापमान बेचाळीस अंशांवर गेले आणि बाटल्यांनी आपले काम सुरू केले. मुंग्या आल्या, गांधीलमाश्या आल्या, एक सरडा आत शिरला आणि बाहेर पडण्यासाठी त्याला एलियोची मदत घ्यावी लागली. छपरावर राहणाऱ्या मांजराएवढ्या पॉसमने दोन बाटल्या काढून नेल्या आणि छपराच्या पन्हळीवर बसून प्यायल्या. दोरीवर वाळत घातलेल्या शर्टांना असा वास लागला की कचेरीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी, अत्यंत सौजन्याने, आपले टेबल खिडकीपाशी हलवून घेतले. फळमाशी मात्र एकही आली नाही. तेवढ्यावर समाधान मानणे शक्य होते. पण रिकामा सापळा पाहून समाधान पावायला एक प्रकारची मनःशांती लागते, आणि ती एलियोकडे कधीच नव्हती. माश्या नाहीत म्हणून सापडत नाहीत, की आहेत आणि आपल्याला हसताहेत, हे त्याला कळेना.

म्हणून त्याने परराज्यातून कामगंध सापळा मागवला. पारदर्शक बरणी, पिवळे झाकण, बाजूला चार भोके आणि आत टांगलेला कापसाचा बोळा. त्या बोळ्याला येणारा वास माणसाच्या नाकाला कळत नव्हता. नर माशीला मात्र तो दूरवरून कळत होता. बरोबर एक बारीक अक्षरांतला कागद होता. आयुष्यभर बारीक अक्षरांतले कागद लिहिणाऱ्या एलियोला ते कुणीही वाचत नाही हे पक्के ठाऊक होते. त्यानेही वाचला नाही.

पहिल्या दिवशी बरणीत चार माश्या सापडल्या. दुसऱ्या दिवशी अकरा. तपकिरी, कमरेला बारीक, खांद्यांवर पिवळे ठिपके, बातमीतल्या चित्रासारख्या हुबेहूब. एलियोला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. आपण लावलेले काहीतरी प्रथमच चालत होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तो रोजचा आकडा लिहू लागला आणि संध्याकाळी वृद्धाश्रमात फोन करून वडिलांना सांगू लागला.

"आज एकतीस, पापा."

"एकतीस काय?"

"माश्या. मेल्या."

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.

"माझ्या वेळी एक नव्हती," सावेरियो म्हणाले. "तू कुठून आणल्यास?"

या प्रश्नात जे शहाणपण होते ते एलियोच्या ध्यानात यायला अजून तीन दिवस होते. त्र्याऐंशी माश्या जमल्यावर मात्र त्याच्यातला नागरिक जागा झाला. फळमाशी दिसल्यास शेतकी खात्याला ताबडतोब कळवावे, असे फलक रस्त्यारस्त्यावर होते. फलकाचे सांगणे न ऐकणे हे त्याच्या हातून जन्मात झाले नव्हते. त्याने फोन लावला. चाळीस मिनिटे वाद्यसंगीत ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याची जॅसिंटा नावाची अधिकारी आली. टोपी, बोटभर लांबीचा चिमटा आणि चेहऱ्यावर अशा माणसाची दमलेली माया, ज्याला दिवसाकाठी पंधरा घरे एकच गोष्ट विचारतात.

तिने बरणी उजेडात धरली.

"हा सापळा खात्यानं लावलेला नाही."

"मी लावला."

"कशासाठी?"

"माश्या मारायला."

"एलियो, याच्यात फक्त नर येतात."

"बरं."

"फळाला भोक पाडून अंडी घालते ती मादी."

एलियोने पुन्हा बरणीत पाहिले. "मग मादीला यातलं काही नको असतं?"

"मादीला टोमॅटो हवे असतात," जॅसिंटा म्हणाली. "हे सापळे माशी आलीय का, एवढं बघायला असतात. आम्ही ठरावीक अंतरावर लावतो, मोजतो. तुम्ही मध्येच लावलात, आणि सगळ्या भागातल्या नरांना इथे बोलावून घेतलंत."

कुंपणापलीकडे बुटांचा आवाज झाला. स्तामातियामावशी कान देऊन उभ्या होत्या.

"एवढे पुरुष एका अंगणात जमले," त्या म्हणाल्या, "तर बायका बघायला येणारच की!"

बरणी प्रयोगशाळेत गेली. चार दिवसांनी जॅसिंटा परत आली. या वेळी ती टोपी काढून बोलली, आणि एलियोला ते लक्षण चांगले वाटले नाही.

"त्र्याऐंशीपैकी ब्याऐंशींच्या डोक्यावर गुलाबी पूड सापडली."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते आमचे आहेत. पलीकडच्या भागात साथ आहे ना, तिथे आम्ही दर आठवड्याला नर सोडतो. नसबंदी केलेले. रानटी माद्या त्यांच्याशी जुळतात, पिल्लं होत नाहीत, साथ विझते. ओळखायला गुलाबी रंग लावलेला असतो." ती जरा थांबली. "ते कामावर होते, एलियो. तुम्ही त्यांना हाक मारून बोलावलंत आणि मारलंत."

सरकारी सेवेतल्या ब्याऐंशी नरांचा आपण बळी घेतला, हे ऐकून एलियोचे कान तापले. तोही सरकारी सेवेतच होता, नर होता, आणि त्याच्याही सेवेतून आजवर काही निष्पन्न झालेले नव्हते.

"आणि त्र्याऐंशीवा?" त्याने हळूच विचारले.

"त्याच्यावर रंग नाही. तो खरा आहे. तेवढ्यावर आख्खा भाग बंद करावा लागेल."

त्या त्र्याऐंशीव्या नराविषयी एलियो पुढे पुष्कळ दिवस विचार करीत असे. तो कुठून निघाला असेल, किती अंगणे ओलांडली असतील, किती लिंबांवर बसून दम घेतला असेल. वाऱ्यावर कुणीतरी आपल्याला बोलावते आहे अशी त्याची खात्री असणार. आणि पिवळ्या झाकणाखालच्या भोकातून आत शिरल्यावर त्याला सापडला कापसाचा बोळा. एलियोलाही दोनदा असेच झाले होते. एकदा ग्रंथालयात, एकदा आतेभावाच्या लग्नात. फरक इतकाच, की त्याच्या तिथे जाण्याने दोन हजार घरांवर बंदी आली नव्हती.

बंदीचे पत्रक शुक्रवारी घरोघर पडले. घरच्या झाडाचे कोणतेही ताजे फळ आवाराबाहेर नेऊ नये. शेजाऱ्यास देऊ नये. मुलांच्या डब्यात घालू नये. कचऱ्याच्या हिरव्या डब्यातही टाकू नये. शिजवलेले चालेल. मोडणाऱ्यास जबर दंड. एलियोने ते तीनदा वाचले. त्यातले 'शेजाऱ्यास देऊ नये' हे वाक्य त्याला फार आवडले. नेमके, निर्दय, एकही शब्द जास्त नाही. आपण लिहिले असते तर 'कृपया' घातले असते, असे त्याला वाटले आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

शेजाऱ्यांचे मत मात्र साहित्यिक स्वरूपाचे नव्हते. लेनच्या जर्दाळूंच्या दोन परड्या बहिणीकडे जायच्या होत्या, त्या आता बैठकीच्या खोलीत पंख्याखाली पिकत होत्या.

"बाटलीनं काय वाईट चाललं होतं तुझं?" तो कुंपणावरून ओरडला. "एक माशी नव्हती बाटलीत! एक!"

"म्हणूनच तर..."

"शास्त्र म्हणे! मी सांगितलं तसं स्वतःचं वापरलं असतंस, तर आज मी बहिणीला तोंड दाखवू शकलो असतो!"

हे शेवटचे वाक्य पोस्टमनने ऐकले, आणि त्याने ते कसे समजून घेतले असेल या विचाराने एलियो आठवडाभर टपाल घ्यायला बाहेर पडला नाही.

मावशींनी आरडाओरडा केला नाही. ते अधिक जिव्हारी लागले.

"बत्तीस वर्षं मी तुझ्या आईला या कुंपणावरून अंजिरं दिली," त्या म्हणाल्या. "ती गेली त्या आठवड्यातही दिली. आता माझं अंजीर झाडावर फुटतंय, तुझं स्वयंपाकघर इथून दिसतंय, आणि मी हात पुढे केला तर गुन्हेगार. झाक म्हटलं होतं ना रे तुला?"

"म्हटलं होतं, मावशी."

"मग?"

मावशी जाळी सारखी करीत आत गेल्या.

खरा घाव मात्र पुढेच होता. जानेवारीच्या अखेरीस पहिले फळ देठाकडून लाल व्हायला लागले, आणि एलियोने पत्रकामागचा नकाशा उघडला. बंदीची रेषा मोठ्या रस्त्याच्या मधोमध गेली होती. वृद्धाश्रम रस्त्याच्या पलीकडच्या कडेला होता. टोमॅटो घेऊन तो पदपथापर्यंत जाऊ शकत नव्हता. आणि वडील, खिडकीशी बसले तर, आपल्याच आळीची निलगिरीची झाडे मोजू शकत होते. मोजण्याइतके दिसत असते तर.

त्याने फोनवर सगळे सांगितले. सांगताना वाक्ये मनात आधी रचून ठेवली होती, तरी ती तुटली.

"म्हणजे टोमॅटो आहे," सावेरियो म्हणाले.

"आहे, पापा."

"लाल आहे."

"होतोय."

"आणि तू तो आणू शकत नाहीस."

"शिजवून चालतं म्हणे. सॉस करून आणू?"

"सॉस मी मेल्यावर वाढ, लोकांना. मला कच्चा पाहिजे." मग थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात: "एवढं एकच सांगितलं होतं तुला."

एलियोने तो फोन ठेवला आणि अंगणात जाऊन एका पालथ्या बादलीवर बसला. टोमॅटो वडिलांकडे जाऊ शकत नव्हता. वडील टोमॅटोकडे येऊ शकत होते. पत्रकात वडिलांच्या वाहतुकीविषयी काहीही लिहिलेले नव्हते. हा विचार सुचायला त्याला पाऊण तास लागला, आणि त्यातला बराचसा वेळ पत्रक पुन्हा तपासण्यात गेला.

वृद्धाश्रमातून वडिलांना तीन तासांसाठी बाहेर काढणे हे काम शेतकी खात्यालाही लाजवील असे निघाले. डॉक्टरांची सही, परिचारिकेची सही, व्यायामतज्ज्ञाचा अभिप्राय, चाकांची खुर्ची चढेल अशी गाडी, आणि 'बाहेर जाण्याचे प्रयोजन' असा एक रकाना. एलियोने 'टोमॅटो' लिहिले. अर्ज परत आला. त्याने 'कौटुंबिक भेट' लिहिले. डॉक्टर रजेवर गेले. अखेर अकरा फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी दहा अशी वेळ मिळाली. त्यानंतरची मोकळी तारीख एप्रिलात होती, आणि एप्रिलविषयी व्यायामतज्ज्ञाने ज्या सुरात 'बघू' म्हटले तो सूर एलियोने नीट ऐकून घेतला होता.

मंगळवारी, नऊ तारखेला, झाडांवर बावन्न लाल फळे होती. त्रेपन्नावे खाली पडलेले होते. एलियोने ते उचलले. सालीवर टाचणीने टोचावे तसा एक ठिपका होता. त्याने सुरीने फळ उघडले. आत तांदळाच्या कणीएवढ्या, पांढऱ्या, अतिशय तरतरीत अळ्या होत्या. एकीने अंग आकसून उडी मारली आणि ती त्याच्या मनगटावर पडली.

आवारात कुणी नव्हते. फळ पिशवीत बांधून उन्हात ठेवले असते, तोंड मिटून दोन दिवस काढले असते, तर कुणालाही कळले नसते. एलियो अर्धा तास तसाच उभा राहिला. या अर्ध्या तासात आपण एक वेगळा माणूस होऊ शकू असे त्याला खरोखर वाटत होते. मग त्याने आत जाऊन फोन लावला. या वेळी वाद्यसंगीत फक्त बारा मिनिटे होते.

बुधवारी नारिंगी जाकिटांतली सहा माणसे आली आणि त्यांनी चोवीस रोपांवरचे प्रत्येक फळ, लाल, पिवळे, हिरवे, वाटाण्याएवढेसुद्धा, काळ्या पिशव्यांत भरले. एलियोने त्यांना थंड पाणी दिले. जॅसिंटाने तक्त्यावर 'फळे: शून्य' असे लिहून त्याची सही घेतली.

"तुम्ही कळवलंत हे फार छान केलंत," ती म्हणाली.

अडतीस वर्षे ज्याची वाट पाहिली तो शब्द असा, भलत्याच तोंडून, रिकाम्या रोपांसमोर आला. एलियोने मान हलवली. माणसे गेल्यावर तो बादलीवर बसला आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच होता.

गुरुवारी वडिलांना आणायला जाताना त्याने ठरवले होते की वाटेत सांगून टाकायचे. पण सावेरियो पहाटेपासून तयार होऊन बसले होते. लग्नाकार्यातला कोट, दाढी घोटून केलेली, खिशात कागदाच्या पुडीत मीठ. गाडीत त्यांनी एकदा पुडी चाचपली. एलियोने तीनदा तोंड उघडले. तिसऱ्यांदा सावेरियो म्हणाले, "काय आहे?" आणि एलियो म्हणाला, "ऊन फार आहे." एवढ्यात गाडी वळून फाटकात शिरली.

त्याने खुर्ची घराला वळसा घालून मागे नेली. आता सांगावेच लागणार होते. वाक्य तयार होते: पापा, माझ्यामुळे सगळं गेलं. त्याने डोळे वर केले आणि वाक्य तिथेच राहिले.

रोपांवर टोमॅटो होते. लाल, गोल, टपोरे, आठ-नऊ तरी. वरून पाहिले तर रोपांनी रातोरात पश्चात्ताप केला असावा असे वाटले असते. जवळून पाहिल्यावर प्रत्येक देठाला हिरवा दोरा दिसला, घट्ट गाठ मारलेला.

कुंपणापलीकडे स्तामातियामावशी हाताची घडी घालून उभ्या होत्या; त्यांच्या वाफ्यावरची जाळी एका बाजूने उघडी होती. मागे लेन होता. त्याच्या हातात हिरव्या दोऱ्याचे रीळ होते आणि ते लपवायचे त्याला सुचले नव्हते.

"काल तुला बादलीवर बसलेलं बघितलं तिनं," लेन कुंपणावरून वाकून त्याच्या कानाशी कुजबुजला. "मला म्हणाली, शिडी आण. मी आणली. मी काही केलेलं नाही, मी शिडी धरून होतो."

"हा गुन्हा आहे," एलियो पुटपुटला.

"गप्प बस," मावशी ओठ न हलवता म्हणाल्या.

तेवढ्यात बाजूच्या वाटेने जॅसिंटा आली. खात्याचा नवा सापळा टांगायला ती आजच यायची होती. ती थबकली. टोमॅटोंकडे पाहिले, दोऱ्याकडे पाहिले, लेनच्या हातातल्या रिळाकडे पाहिले, मग खुर्चीतल्या कोटवाल्या म्हाताऱ्याकडे. लेनने रीळ खिशात घातले. दोरा बाहेर लोंबत राहिला.

"कालच्या नोंदीप्रमाणे या आवारात एकही फळ नाही," जॅसिंटा सावकाश म्हणाली. "माझी सही आहे. तुमचीही आहे." तिने टोपी डोळ्यांवर ओढली. "त्यामुळे मला इथे काही दिसणं शक्य नाही. मी लिंबाकडे जाते."

"कोण आहे?" सावेरियोंनी विचारले.

"सरकार," मावशी म्हणाल्या. "चाललंय."

एलियोने खुर्ची पहिल्या रोपाला भिडवली. सावेरियोंनी हात पुढे केला आणि पानांतून चाचपत एका फळापर्यंत नेला. बोटे त्याच्यावर सगळीकडून फिरली.

"गोल आहे," ते म्हणाले. "आपल्या फळाला घड्या असतात."

एलियोने कुंपणाकडे पाहिले.

"यंदा... गोल झाले, पापा."

"हं." त्यांनी ओढले. फळ येईना. "देठ केवढा चिवट!"

"मी देतो तोडून," म्हणून एलियोने घाईने वाकून दातांनी दोरा तोडला.

सावेरियोंनी खिशातून सुरी काढली, फळाचे दोन भाग केले, पुडी सोडली आणि मीठ चिमटीने दोन्हीकडे सारखे पसरले. मग खाल्ले. रस हनुवटीवरून कोटावर गळला, तो त्यांनी पुसला नाही. पहिला अर्धा संपला. दुसरा संपला. कुंपणापलीकडे लेनने टोपी काढली होती. लिंबाखाली जॅसिंटा सापळा टांगत होती, तीही हात वर तसाच ठेवून थांबली होती.

"छान," सावेरियो म्हणाले.

मावशींनी लेनला हळूच कोपर मारले.

"छान," ते पुन्हा म्हणाले. असे दोनदा त्यांनी कधीच म्हटले नव्हते. "मी चाळीस वर्षं लावतोय. असा एकदा झाला नाही. गोड, आणि मागून आंबट. पाणी कमी घालत होतास?"

"...हो."

"मी जास्त घालायचो. माझंच चुकत होतं." चिकट हाताने त्यांनी चाचपून मुलाचे मनगट धरले आणि सोडले नाही. "एलियो. हे तू केलंस."

एलियोने तोंड उघडले. खरे बोलण्याची त्याची सवय फार जुनी होती. त्या सवयीनेच हे अंगण उजाड केले होते. आताही खरे वाक्य अगदी जिभेवर होते, नेमके, एकही शब्द जास्त नसलेले. मनगटावर वडिलांची पकड होती, आणि कुंपणावरून एक्याऐंशी वर्षांच्या बाईचे दोन डोळे त्याच्यावर रोखलेले होते.

"हो, पापा," तो म्हणाला.

"मग डब्यातलं जुनं बी टाकून दे. सगळं. माझ्या बापानं आणलं होतं, पण टाक. पुढच्या वर्षी हेच लावायचं." आणि त्यांनी तळहातावर उरलेला बियांचा चिकट गोळा एलियोच्या हातात, एकही बी सांडू न देता, उतरवला. "आता हे आपलं बी."

एलियो ओंजळ धरून उभा राहिला. मांदुचींच्या तीन पिढ्या त्या बियांत कुठेच नव्हत्या, आणि त्याला मिळालेला शब्द त्याच्यापासून कुंपणाइतक्या अंतरावर, नवऱ्याच्या बुटांत उभा होता. त्याने तिकडे पाहिले. मावशींनी पदर नसलेल्या आपल्या काळ्या झग्याची कड उगाच डोळ्यांना लावली, घसा साफ केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"सावेरियो, मला पण दे रे त्यातलं थोडं बी. आमच्याकडे मेले असे येतच नाहीत."

"नाही देणार," सावेरियो म्हणाले, आणि अडतीस वर्षांत एलियोने पहिल्यांदाच त्यांना इतके खूश पाहिले.